विद्यार्थी उपग्रह कसा बनवतात? 'स्वयम्' आणि 'प्रथम' यांची गोष्ट

२०१६ साली महाराष्ट्रातल्या दोन कॉलेजांचे उपग्रह तीन महिन्यांच्या अंतराने अवकाशात गेले. २२ जून रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगचा, म्हणजे सीओईपीचा 'स्वयम्' आणि २६ सप्टेंबर रोजी आयआयटी मुंबईचा 'प्रथम'. दोन्ही उपग्रह श्रीहरिकोट्याहून इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटने सोडले गेले आणि दोन्हींचा आराखडा, सर्किट, प्रोग्रॅम विद्यार्थ्यांनी तयार केले होते.

बातम्यांमध्ये उड्डाणाचा दिवस दिसतो. पण 'स्वयम्'चं काम २००८ साली सुरू झालं होतं आणि 'प्रथम'चं २००७ साली. म्हणजे आठ-नऊ वर्षं. इंजिनिअरिंगची पदवी चार वर्षांत संपते. ज्यांनी पहिला कागद रेखाटला, ते उड्डाणाच्या दिवशी कधीच नोकरीला लागलेले होते. विद्यार्थी उपग्रह समजून घ्यायचा असेल तर हे गणित आधी लक्षात ठेवायला हवं, कारण त्यातले बरेचसे तांत्रिक निर्णयही याच अडचणीतून ठरतात.

विद्यार्थी उपग्रह म्हणजे काय?

विद्यापीठात किंवा कॉलेजात, प्रामुख्याने शिकण्यासाठी म्हणून बनवलेला छोटा उपग्रह. भारतात याची सुरुवात अण्णा विद्यापीठाच्या 'अनुसॅट'ने झाली. सुमारे ४० किलोचा हा उपग्रह २० एप्रिल २००९ रोजी सोडला गेला. त्यानंतर १२ जुलै २०१० रोजी बंगळुरू आणि हैदराबादच्या सात इंजिनिअरिंग कॉलेजांनी मिळून बनवलेला, एक किलोपेक्षाही हलका 'स्टडसॅट' गेला. १२ ऑक्टोबर २०११ रोजी आयआयटी कानपूरचा 'जुगनू' आणि चेन्नईच्या एसआरएम विद्यापीठाचा 'एसआरएमसॅट' एकाच रॉकेटने गेले.

या छोट्या उपग्रहांना जगभर एक ठरलेला साचा मिळाला तो १९९९ साली. अमेरिकेतल्या कॅल पॉली विद्यापीठाचे जॉर्डी पुइग-सुआरी आणि स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज यांनी 'क्यूबसॅट' ही कल्पना मांडली: १० सेंटिमीटर बाजूचा ठोकळा, वजन साधारण एक किलो. विद्यार्थ्याला शिकता-शिकता पूर्ण करता येईल एवढाच उपग्रह असावा, हा त्यामागचा हेतू होता. मोठा हवा असेल तर असे ठोकळे एकाला एक जोडायचे. एका ठोकळ्याला '१ यू', तीन जोडले तर '३ यू' म्हणतात. आकार ठरलेला असल्यामुळे रॉकेटवरची पेटीही ठरलेली असते, आणि प्रत्येक उपग्रहासाठी वेगळी सोय करावी लागत नाही.

'स्वयम्' हा १ यू आकाराचा, सुमारे एक किलोचा उपग्रह. 'प्रथम' त्याच्या दहापट, सुमारे १० किलोचा आणि क्यूबसॅटच्या साच्याबाहेरचा.

आधी ठरवायचं ते काम

नवीन टीमला सगळंच करून बघायचं असतं: कॅमेरा हवा, जीपीएस हवं, इंजिनही हवं. इथेच प्रकल्प अडकतात. उपग्रहाने नेमकं एक काम काय करायचं, हे सर्वांत आधी ठरवावं लागतं. बाकी सगळी यंत्रणा त्या कामासाठी असते.

'स्वयम्'पुढे दोन उद्दिष्टं होती. एक, वीज न वापरता उपग्रह स्थिर ठेवून दाखवणं. दुसरं, हॅम रेडिओ वापरणाऱ्यांचे छोटे संदेश एका ठिकाणाहून घेऊन दुसऱ्या ठिकाणी पोचवणं. एखाद्या पोस्टमनसारखं: पुण्यावरून जाताना संदेश घ्यायचा, साठवायचा आणि दुसऱ्या जागी वरून जाताना तो द्यायचा.

'प्रथम'चं काम शास्त्रीय होतं. पृथ्वीभोवतीच्या आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, इलेक्ट्रॉन किती आहेत ते मोजायचं. त्यासाठी उपग्रहावरून दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी पाठवायच्या, एक १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास आणि दुसरी ४३७ मेगाहर्ट्झच्या आसपास. या लहरी विशिष्ट दिशेत कंप पावत निघतात. आयनांबरातून येताना ती दिशा थोडी फिरते. इलेक्ट्रॉन जास्त तर फिरणं जास्त. शिवाय कमी फ्रिक्वेन्सीची लहर जास्त फिरते, इथे जवळजवळ नऊ पट. जमिनीवर दोन्हींमधला फरक मोजला की वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचा हिशोब लागतो. याचा रोजच्या जगण्याशी संबंध आहे, कारण आपल्या मोबाइलवरच्या जीपीएसमध्ये जी चूक येते तिचं एक मोठं कारण हेच इलेक्ट्रॉन असतात.

यातली आणखी एक चांगली गोष्ट अशी की मोजणी जमिनीवर होते. त्यामुळे इतर कॉलेजांनाही आपापल्या गच्चीवर अँटेना लावून या प्रयोगात भाग घेता आला.

उपग्रहाचे भाग, एकेक करून

*वीज.* पृथ्वीच्या जवळ दर चौरस मीटरला सुमारे १,३६० वॅट इतकी सौरऊर्जा पडते. १ यू उपग्रहाची एक बाजू १०० चौरस सेंटिमीटरची, म्हणजे तिच्यावर पडणार साडेतेरा वॅट. त्या बाजूवर सौरघट बसतात ते जेमतेम ६० चौरस सेंटिमीटरचे, आणि उत्तम प्रतीचे घटसुद्धा ऊर्जेचा तिसरा हिस्साही विजेत बदलू शकत नाहीत. हाती येते दोन-अडीच वॅट, घरातल्या झीरोच्या बल्बपेक्षाही कमी. त्यातही प्रत्येक फेरीचा साधारण तिसरा भाग उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असतो. तेव्हा बॅटरीवर भागवायचं. म्हणून रेडिओ किती मिनिटं चालेल, कॉम्प्युटर कधी झोपेल, याचा मिलीवॅटपर्यंत ताळेबंद मांडावा लागतो.

*दिशा.* रॉकेटमधून सुटताना उपग्रह गिरक्या घेत असतो. तो थांबवला नाही तर अँटेना भलतीकडेच तोंड करून बसते. 'प्रथम'मध्ये यासाठी सेन्सर आणि विजेवर चालणारी चुंबकं होती. सूर्य कुठे आहे आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कसं आहे हे मोजायचं, मग तारेच्या वेटोळ्यांतून मोजून-मापून वीज सोडायची आणि उपग्रह वळवायचा. 'स्वयम्'कडे एवढी वीजच नव्हती. त्यात एक कायमचं चुंबक आणि विशिष्ट धातूच्या बारीक कांड्या बसवल्या. चुंबक होकायंत्राच्या सुईसारखं पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळून राहतं आणि गिरक्यांची ऊर्जा त्या कांड्यांमध्ये उष्णता होऊन हळूहळू विरते. सेन्सर नाही, प्रोग्रॅम नाही, बिघडण्यासारखं काही नाही. याची किंमत अशी की उपग्रह हवा तिकडे वळवता येत नाही. चुंबकीय रेषा नेतील तसाच तो वळतो. पण भारतावरून जाताना त्याचं तोंड दर वेळी साधारण त्याच दिशेला असतं. ते आधीच माहीत असेल तर अँटेना त्या हिशेबाने लावता येते.

*संपर्क.* ५०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला सुमारे ७.६ किलोमीटर वेगाने पळतो आणि साधारण ९५ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतो. दिवसाला पंधरा फेऱ्या, पण त्यातल्या मोजक्याच आपल्या गच्चीवरून दिसतात, तेही जास्तीत जास्त दहा-बारा मिनिटं. क्षितिजावर उगवतो तेव्हा तो अडीच हजार किलोमीटर दूर असतो. जवळ येताना आणि लांब जाताना त्याची फ्रिक्वेन्सीही बदललेली ऐकू येते, जसा जवळून जाणाऱ्या रेल्वेच्या शिट्टीचा सूर बदलतो. ४३७ मेगाहर्ट्झला हा फरक दोन्हीकडे सुमारे १० किलोहर्ट्झ इतका असतो. रिसीव्हर सतत जुळवत राहावा लागतो.

अँटेनाची आणखी एक गंमत आहे. ४३७ मेगाहर्ट्झसाठी साधारण १७ सेंटिमीटर लांबीची अँटेना लागते आणि उपग्रह तर १० सेंटिमीटरचा. म्हणून अनेक टीम सुताराकडे असते तशी स्टीलची मेजर टेप कापून गुंडाळून ठेवतात आणि नायलॉनच्या दोऱ्याने बांधतात. अवकाशात गेल्यावर एक तार तापवून दोरा जाळायचा, टेप आपोआप सरळ होते. हा दोरा जळला नाही तर बाकी सगळं ठणठणीत असूनही उपग्रह मुका राहतो.

*कॉम्प्युटर.* अवकाशातल्या कणांचा मारा होऊन मेमरीतला एखादा बिट उलटा होऊ शकतो, प्रोग्रॅम अडकू शकतो. जमिनीवर आपण बटण दाबून मशीन रीस्टार्ट करतो. तिथे कोण जाणार? म्हणून 'वॉचडॉग' नावाचं एक घड्याळ ठेवतात. प्रोग्रॅमने ठरावीक वेळात 'मी जागा आहे' असं कळवलं नाही की ते सगळं बंद करून पुन्हा सुरू करतं.

टेस्टिंग: इथे वेळ द्यावाच लागतो

रॉकेटवरचा मुख्य उपग्रह कोट्यवधींचा असतो. 'स्वयम्' ज्या पीएसएलव्ही-सी३४ मधून गेला, त्यात एकूण २० उपग्रह होते आणि मुख्य होता ७२७ किलोचा कार्टोसॅट-२ मालिकेतला उपग्रह. एका किलोच्या पाहुण्याचा सुटलेला स्क्रू त्याला लागला तर? म्हणून विद्यार्थी उपग्रहालाही कंपनाची चाचणी द्यावी लागते. तो निर्वात कोठीत ठेवून आलटून-पालटून तापवला आणि गोठवला जातो. रॉकेटमध्ये असताना तो पूर्ण बंद असावा लागतो, आणि सुटल्यावरही ठरलेला वेळ गेल्याशिवाय अँटेना उघडायची किंवा रेडिओ चालू करायचा नाही.

आधी चाचण्यांसाठी एक नमुना बनवतात, त्याचे हाल करतात आणि मग खरा उडणारा उपग्रह जोडतात. पण सर्वांत उपयोगी चाचणी बिनखर्चाची असते: उपग्रह टेबलावर ठेवायचा, त्याला हात न लावता फक्त रेडिओवरून दिवसभर चालवून बघायचा. पहिल्यांदाच उपग्रह बनवणाऱ्या विद्यापीठांचे कित्येक उपग्रह कक्षेत पोचून एकदाही बोलले नाहीत. अशी रंगीत तालीम करायला वेळच उरला नाही, हे त्यामागचं एक नेहमीचं कारण आहे.

चार वर्षांचं गणित

आता सुरुवातीच्या मुद्द्यावर येऊ. दुसऱ्या वर्षाला असताना विद्यार्थी टीममध्ये येतो. वर्षभर शिकतो, तिसऱ्या वर्षी खऱ्या अर्थाने काम करतो आणि शेवटच्या वर्षी प्लेसमेंट, प्रोजेक्ट, पुढच्या शिक्षणाचे अर्ज यांत अडकतो. मधल्या काळात परीक्षा आहेतच. एका माणसाकडून मन लावून मिळतात दीड-दोन वर्षं. आठ वर्षांच्या प्रकल्पात अशा चार-पाच तुकड्या येऊन जातात.

नवी तुकडी आली की तिला आधीचं सर्किट मिळतं, प्रोग्रॅम मिळतो. पण 'हा रेझिस्टर इथे का?' याचं उत्तर मिळत नाही. ज्याला माहीत होतं तो गेलेला असतो. मग दोनच मार्ग उरतात: न समजता तसंच पुढे न्यायचं, किंवा सगळं नव्याने करायचं. दुसरा मार्ग जास्त आवडतो आणि त्यात एक वर्ष जातं. दरम्यान, निवडलेली चिप कंपनीने बनवणं बंद केलेलं असतं.

यावर उपाय तीनच, आणि ते दिसायला अगदी साधे आहेत. काय केलं यासोबत का केलं आणि काय करून फसलं हेही लिहून ठेवायचं. जाणाऱ्याने जाण्याआधी एक सत्र तरी येणाऱ्याला शेजारी बसवून काम करायचं. आणि तिसरा, सर्वांत अवघड: आराखडा इतका साधा ठेवायचा की नव्या माणसाला तो एका सत्रात समजेल. 'स्वयम्'मधलं चुंबक वीज तर वाचवतंच. पण २००८ साली कोणी विचार केला होता हे माहीत नसणाऱ्यालाही ते २०१५ साली समजू शकतं. मला त्याचा हा गुण जास्त मोलाचा वाटतो.

तुमच्या कॉलेजला करायचं असेल तर

- थेट उपग्रहापासून सुरुवात करू नका. आधी ग्राउंड स्टेशन उभारा. साधी अँटेना आणि स्वस्त एसडीआर रिसीव्हर घेऊन, वरून जाणाऱ्या उपग्रहांचे सिग्नल पकडायला शिका. ही टीम पुढे तुमच्या उपग्रहाची टीम होते.
- टीममधल्या काहींनी हॅम रेडिओचं लायसन्स काढावं. त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा असते. उपग्रहाची फ्रिक्वेन्सी मिळवायला बराच वेळ जातो, तो अर्ज शेवटी ठेवू नका.
- स्वतंत्र उपग्रह हाच एक मार्ग राहिलेला नाही. पीएसएलव्हीचा शेवटचा टप्पा कक्षेतच ठेवून त्यावर प्रयोग चालवण्याची 'पोएम' नावाची सोय इस्रोने केली आहे. वीज आणि संपर्क तिथे तयार मिळतात, तुम्ही फक्त आपला प्रयोग न्यायचा. डिसेंबर २०२४ मध्ये गेलेल्या पोएम-४ वर २४ प्रयोग होते आणि त्यात पुण्याच्या एमआयटी वर्ल्ड पीस युनिव्हर्सिटीचाही एक होता.
- खासगी संस्था आणि कॉलेजांना आता 'इन-स्पेस' या सरकारी संस्थेची परवानगी घ्यावी लागते. त्यात उपग्रहाचं काम संपल्यावर त्याचं काय होणार, हेही सांगावं लागतं. ५०० किलोमीटरच्या आसपासचा छोटा उपग्रह विरळ हवेच्या घर्षणाने काही वर्षांत खाली येऊन जळून जातो. जास्त उंचीवर मात्र तो दशकानुदशकं कचरा म्हणून फिरत राहू शकतो.
- कामाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. ती वाचणारा विद्यार्थी आज कदाचित दहावीत असेल.