'मॅकेनाज गोल्ड'मधला म्हातारा

परवा नातवाबरोबर 'मॅकेनाज गोल्ड' पुन्हा पाहिला. सुरुवातीला मरता मरता ग्रेगरी पेकच्या हाती सोन्याचा नकाशा सोडून जाणारा म्हातारा अपाचे तुम्हालाही आठवत असेल. तरुणपणी तीनदा पाहूनही त्याचं नाव मी कधी शोधलं नव्हतं.

तो एदुआर्दो चियानेल्ली. जन्म १८८८, इटलीतल्या इस्किया बेटावरचा. शिकला वैद्यकी, गायला ऑपेरा आणि अमेरिकेत नाव झालं ते खलनायक म्हणून! 'मार्क्ड वुमन'मध्ये (१९३७) बेटी डेव्हिसला छळणारा गुंड, 'द ममीज हँड'मध्ये (१९४०) इजिप्तचा पुजारी. परका माणूस हवा की बोलवा चियानेल्लीला, असा हॉलिवूडचा सोपा हिशेब.

'गंगा दीन'मध्ये (१९३९) तो ठगांचा गुरू आहे. डोंगर कॅलिफोर्नियातले, नाव भारताचं. बाबूराव पटेलांनी 'फिल्मइंडिया'तून त्यावर झोड उठवली, बंगाल आणि मुंबई प्रांतात बंदी आली. रास्तच होतं. गंगा दीन इंग्रज फौजेला सावध करायला बिगूल वाजवतो आणि मरतो, म्हणून तो थोर. पण गोऱ्या शिपायांना 'तुमच्यासारखाच मीही माझ्या देशासाठी मरू शकतो' असं ऐकवून सापांच्या खड्ड्यात उडी घेतो तो हा गुरूच. वर्गात मी वर्षानुवर्षं 'स्लीमनने ठगांचा बंदोबस्त केला' एवढ्यावर धडा संपवत आलो. ठगांची बाजू मांडायची नाही मला, पण हे सगळं लिहून ठेवलं कुणी, हे मुलांना विचारायला हवं होतं.

चियानेल्ली १९६९ मध्ये रोममध्ये वारला. 'मॅकेनाज गोल्ड' त्याच वर्षीचा.

नातू म्हणाला, "आजोबा, सुरुवात परत लावू या?" लावली.