बेसबॉलमधील चेंडूफेकीचे तंत्र

बेसबॉलमधील चेंडूफेकीचे तंत्र : बेसबॉल या खेळात पिचरने फलंदाजाकडे चेंडू टाकण्याची पद्धती. हाताच्या पातळीनुसार खांद्यावरून, बाजूने व कमरेखालून असे तिचे तीन प्रमुख प्रकार पडतात.

या प्रकारांच्या विकासात नियमांचा वाटा मोठा आहे. प्रारंभीच्या अमेरिकन नियमांनुसार चेंडू हात खाली ठेवूनच टाकावा लागे. १८८४ मध्ये नॅशनल लीगने खांद्यावरून चेंडू टाकण्यास मुभा दिली. पुढे चेंडूचा वेग वाढत गेल्याने १८९३ मध्ये पिचर व होम प्लेट यांतील अंतर १८·४४ मी. करण्यात आले. पिचरांचे वर्चस्व कमी करण्यासाठी १९६९ मध्ये त्यांच्या उंचवट्याची उंची सु. ३८ सेंमी. वरून सु. २५ सेंमी. वर आणण्यात आली.

वॉशिंग्टन संघाचा वॉल्टर जॉन्सन (१८८७–१९४६) लांब हात बाजूने फिरवून चेंडू टाकी. १९०७ ते १९२७ या काळात त्याने ४१७ सामने जिंकले. याउलट, डावखुरा सँडी कूफॅक्स (१९३५– ) चेंडू खांद्यावरून जवळजवळ सरळ खाली आणीत असे. १९६५ च्या हंगामात त्याने ३८२ फलंदाज स्ट्राइकवर बाद केले. परंतु कोपराच्या संधिवातामुळे पुढील वर्षीच, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याला निवृत्त व्हावे लागले. कार्ल मेज याचा हात जमिनीलगत येई. त्याचा चेंडू डोक्याला लागून १९२० मध्ये रे चॅपमन हा क्लीव्हलंडचा खेळाडू मरण पावला.

द्रुतगती चित्रणाच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासांतून या पद्धतींमधील साम्यही स्पष्ट झाले. पाऊल पुढे टाकल्यावर प्रथम कटिभाग, मग धड व शेवटी हात फिरतो आणि पायांतून निर्माण झालेली शक्ती क्रमाने चेंडूपर्यंत पोहोचते. दंड धडाशी सामान्यतः सु. ९०° कोन करतो. हात उंच वा खाली दिसतो, तो मुख्यत्वे धडाच्या कलामुळे. दंडाच्या आतील बाजूस होणाऱ्या परिभ्रमणाचा वेग सेकंदाला सु. ७,०००° असतो. त्याआधी हात मागे वळून पुढे येऊ लागताना कोपराच्या आतील बाजूच्या अस्थिबंधावर मोठा ताण येतो.

हा अस्थिबंध तुटल्यास पिचरचा खेळ पूर्वी बहुधा संपुष्टात येई. २५ सप्टेंबर १९७४ रोजी फ्रँक जोब या शल्यचिकित्सकाने टॉमी जॉन याच्या डाव्या कोपरात उजव्या हातातील कंडरा बसविली. जॉन १९७६ मध्ये पुन्हा मैदानावर उतरला आणि १९८९ पर्यंत खेळत राहिला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. ही शस्त्रक्रिया आता त्याच्याच नावाने ओळखली जाते. पिचरांची तुलना करताना म्हणूनच हाताच्या पातळीबरोबर शरीराच्या हालचालींचा क्रम व कोपरावरील भार यांचाही विचार करावा लागतो.