फौजेचा खर्च आणि रयतेचा हिशोब

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे. लष्करी सामानावर सरकार जो पैसा खर्च करतं, त्याकडे नागरिकानं कसं पाहावं, हा तो विषय. हे दिल्लीचं काम, शिरूर-दौंडच्या माणसाला त्यात काय कळणार, असं कुणाला वाटेल. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. हा प्रश्न विचारण्याची आपल्या मुलखाची परंपरा जुनी आहे.

आधी एक साधी गोष्ट घेऊ. आपल्या गावांत समाजमंदिराच्या भिंतीवर पाटी असते: अमुक खासदारांच्या निधीतून, इतके लाख. खासदार निधी १९९३ मध्ये सुरू झाला, आज तो वर्षाला ५ कोटी आहे. तो असावा की नसावा, यावर वाद आहेत. पण काम कुणी सुचवलं आणि पैसे किती, हे निदान भिंतीवर वाचता येतं. आता समजा, पाटीच नाही, रक्कम शेकडो पटींनी मोठी आहे आणि ती समाजमंदिरासाठी नसून एखाद्या शस्त्रसामग्रीच्या कंत्राटदारासाठी आहे. मग?

अमेरिकेत हे घडलं. तिथे लोकप्रतिनिधी खर्चाच्या विधेयकात स्वतः एखादी तरतूद घुसवू शकतो. तिला आपण 'नेमून ठेवलेली तरतूद' म्हणू. रँडी कनिंगहॅम नावाचे कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी संरक्षणखर्चाच्या उपसमितीवर होते. त्यांनी आपलं घर एका लष्करी कंत्राटदाराला विकलं, आणि त्या कंत्राटदारानं ते पुढे सुमारे ७ लाख डॉलर तोट्यात विकून टाकलं. २००५ मध्ये एका पत्रकारानं हे व्यवहार कागदावर पाहिले आणि सूत सापडलं. लाचेचा आकडा निघाला २४ लाख डॉलर, शिक्षा झाली ८ वर्षं ४ महिने. लक्षात घ्या, हे काही गुप्तहेरांनी शोधलं नाही. घराची खरेदी-विक्री, म्हणजे कुणालाही पाहता येणारा कागद!

आता आपल्याकडे येऊ. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावानं वसईचा तह केला. किमान ६,००० इंग्रजी पायदळ बाळगायचं आणि त्याच्या खर्चापोटी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, असं कलम होतं. या तैनाती फौजेची मोठी छावणी पुढे घोडनदीकाठी, आपल्या शिरूरला होती. त्याच छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी कोरेगावकडे निघाली. ती लढाई हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय. मला इथे हिशोबाचा मुद्दा दिसतो. फौज पेशव्याच्या खर्चानं, हुकूम कंपनीचा, आणि ज्या रयतेच्या साऱ्यातून ती पोसली गेली तिला कुणी विचारलंच नाही.

पुढची पायरी १८७४-७५ ची. शिरूर तालुक्यातल्या करडे गावानं डिसेंबर १८७४ मध्ये सावकारावर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ ला सुप्याला दंगा झाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, दौंडचा भागही त्याच भीमथडीतला. कापसाचे भाव पडलेले, तीस वर्षांनंतरच्या फेरआकारणीत सारा वाढलेला. शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी काय केलं? कर्जरोखे हिसकावले आणि जाळले. कागदात ताकद आहे, हे त्यांना पुरतं कळलं होतं. तो वाचायची आणि त्यावर प्रश्न विचारायची सोय मात्र त्यांच्यापाशी नव्हती.

ती सोय पुण्यात तयार होत होती. १८७० मध्ये स्थापन झालेली सार्वजनिक सभा, न्यायमूर्ती रानडे, आकड्यांचे जाणकार गणेश व्यंकटेश जोशी, आणि त्यांच्या तालमीत घडलेले गोपाळ कृष्ण गोखले. १८९७ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, गोखले लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्षीला उभे राहिले. त्यांचा एक युक्तिवाद असा होता: हिंदुस्थानातलं सैन्य साम्राज्याच्या कामासाठी देशाबाहेर वापरता, तर त्याचा पूर्ण भार इथल्या गरिबावर का? १९०२ च्या अर्थसंकल्पीय भाषणात त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवलं, की शिल्लक दिसते म्हणून लोक सुखी आहेत असं होत नाही. मिठावरचा कर कमी करा, ही त्यांची मागणी होती. मणाला अडीच रुपये असलेला तो कर १९०३ मध्ये २ रुपये आणि १९०७ पर्यंत १ रुपया झाला.

आणि गोखल्यांच्या हाती काय होतं? १८९२ च्या कायद्यानं अर्थसंकल्पावर बोलता येत होतं, मतदान करता येत नव्हतं. १९१९ च्या सुधारणांनंतरही लष्करी खर्च मतदानाबाहेरच राहिला. मत नसताना त्यांनी एवढं केलं. आज आपल्यापाशी मत आहे.

आपल्या राज्यघटनेच्या ११३ व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपतींच्या, म्हणजे व्यवहारात सरकारच्या, शिफारशीशिवाय खर्चाची मागणी मांडताच येत नाही. खासदार ती कमी करायला सुचवू शकतो, वाढवू शकत नाही. म्हणून अमेरिकेसारखी तरतूद इथे विधेयकात घुसत नाही. पण याचा अर्थ प्रश्न संपला असा नाही. निर्णय मंत्रालयात होतो, एवढाच फरक. १९४८ चं जीप प्रकरण आठवा. लंडनच्या उच्चायुक्तालयानं जुन्या, दुरुस्त केलेल्या २,००० जीपचा करार केला. १५५ आल्या, त्याही कामाच्या नव्हत्या. संसदेच्या लोकलेखा समितीनं ताशेरे ओढले. सरकारनं १९५५ मध्ये प्रकरण संपल्याचं जाहीर केलं, आणि तेव्हाचे उच्चायुक्त कृष्ण मेनन १९५७ मध्ये संरक्षणमंत्री झाले. समितीनं आपलं काम केलं होतं. तिच्या मागे लोकांचा रेटा नव्हता.

आजही चित्र फार वेगळं नाही. २०२५-२६ साठी संरक्षणाची तरतूद ६.८१ लाख कोटी रुपयांची होती. २०१८ आणि २०२३ मध्ये लोकसभेनं सगळ्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना मंजूर केल्या, संरक्षणसुद्धा! सभागृह बोलत नसेल, तर नागरिकाचं काम वाढतं.

इथे एक आक्षेप येतो: देशाच्या सुरक्षेचा मामला आहे, गुप्तता नको का? हवी. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मी एक भेद करतो. तोफ कुठे उभी आहे, हे गुपित असावं. तोफ कुणाकडून, कोणत्या निविदेनं, किती रुपयांना घेतली, हे गुपित असण्याचं कारण प्रत्येक वेळी सांगावं लागेल. पहिलं गुपित सैनिकाला वाचवतं. दुसरं पुष्कळदा दलालाला वाचवतं, आणि सैनिकाच्या हाती निकामी जीप देतं. माहिती अधिकार कायद्यानं हा भेद ओळखला आहे. संरक्षण संशोधन संस्थेसारख्या संस्थांना कलम २४ ची सूट आहे, पण भ्रष्टाचाराच्या आरोपासंबंधीची माहिती त्या सुटीत येत नाही. आणि या कायद्यासाठी महाराष्ट्रात उपोषणं करणारे अण्णा हजारे आपल्या शेजारच्या पारनेर तालुक्यातले, स्वतः फौजेत नोकरी केलेले. हिशोब मागणारा फौजेचा वैरी असतो, या समजुतीला हे एक उदाहरण पुरे.

मग आपण करायचं काय? महालेखापरीक्षकांचे संरक्षणावरचे अहवाल संसदेत मांडले जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणूक रोखे रद्द केले. मार्चमध्ये देणगीदारांची नावं आली, आणि लोकांनी ती सरकारी कंत्राटांच्या यादीशेजारी ठेवून पाहिली. देणगी दिली म्हणजे लाच दिली, असं सिद्ध होत नाही. पण विचारायला जागा होते.

कुठलीही खरेदी समोर आली की तीन गोष्टी विचाराव्यात. ही वस्तू फौजेनं मागितली, की दुसऱ्या कुणी सुचवली? विकणारा स्पर्धेतून आला, की नेमून ठेवलेला होता? आणि सुचवणाऱ्याचा त्याच्याशी देण्याघेण्याचा संबंध आहे का? शिरूरचा मतदारसंघ स्वतःचा, दौंड बारामती मतदारसंघात. म्हणजे या दोन तालुक्यांपाशी दोन खासदार आहेत. समाजमंदिराचं पत्र घेऊन आपण त्यांच्याकडे जातोच. एकदा असंही पत्र न्या: यंदा संरक्षणाच्या मागण्यांवर चर्चा व्हावी म्हणून आपण काय केलंत? लेखी उत्तर मागा, आणि ते ग्रामसभेत वाचून दाखवा.