वरचा कागद

गेल्या वर्षी माझ्या एका लेखात चूक झाली. अकोट तालुक्यातल्या एका घराण्याच्या मोडी कागदावरून मी लिहिले होते की, अमुक वावराची वहिवाट पुतण्याकडे गेली. लेख छापून आला आणि त्या घराण्यातल्या एका बाईंचा फोन आला. ‘‘भाऊ, आमच्या पणजीचं वावर तुमी पुतन्याच्या नावानं करून टाकलं न!’’

त्यांचे म्हणणे खरे होते. कागदाच्या पाठीवर चार ओळी आहेत आणि वहिवाट विधवेकडेच राहिल्याचे त्यांत स्वच्छ लिहिले आहे. त्या ओळी मी वाचल्या होत्या, त्यांचे लिप्यंतरही केले होते. तरी लेखात गेले ते पाठ पाहण्याआधीचे लिप्यंतर. संगणकाची फाइलखिडकी उघडली की अलीकडे वापरलेल्या फाइलींची यादी समोर येते. तीत जुनी फाइल वर होती. सुधारलेली फाइल दुसऱ्या फोल्डरात होती आणि एकदाच उघडलेली असल्यामुळे यादीतून कधीच खाली गेली होती. मी वरची उचलली.

चूक माझीच. पण तिने मला एका जुन्या प्रश्नाकडे नेले. हाताशी कोणता कागद राहावा, हे ठरवते कोण?

माझे वडील अकोल्याला सरकारी कचेरीत कारकून होते. १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतल्या कागदांची जी शिस्त लावली, ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गेली. तिच्याशी जोडलेली सहा गठ्ठा पद्धत आजही कचेऱ्यांतून शिकवली जाते. पहिल्या गठ्ठ्यात हातातली चालू प्रकरणे, दुसऱ्यात कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी, तिसऱ्यात ठरावीक मुदतीला पाठवायची नियतकालिके, चौथ्यात स्थायी आदेशांच्या संचिका, पाचव्यात अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि सहाव्यात नष्ट करायचे कागद. निकाली कागदांचे वर्गही ठरलेले. ‘अ’ कायम ठेवायचा, ‘ब’ ३० वर्षे, ‘क’ १० वर्षे, ‘क-१’ ५ वर्षे आणि ‘ड’ एक वर्ष. वडील म्हणत, ‘‘कागद आपोआप गठ्ठ्यात जात नाही बाप्पा, कोनीतरी ठेवते तवा जाते.’’

ठेवणारा कोण, यावर इतिहास कसा अवलंबून असतो, त्याचे मोठे उदाहरण पुण्याचे. पेशवे दप्तरातले मोडी रुमाल हजारोंनी मोजावे लागतात. त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निघाले. काम अफाट होते आणि त्याचे ऋण आपण सगळे मानतो. पण त्यानंतर पेशवाईवर लिहिणाऱ्याचा हात आधी या छापील खंडांकडे जातो. बांधलेला रुमाल सोडणारे थोडेच.

आमच्या वऱ्हाडाचे दुखणे याहून वेगळे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे गेला. १९०३ मध्ये प्रांत मध्य प्रांताला जोडला गेला आणि सूत्रे नागपूरला आली. १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६० मध्ये महाराष्ट्र. मालक बदलला की दप्तराचे ठिकाणही बदलते. त्यामुळे अमरावतीच्या अभ्यासकाला आपल्याच जिल्ह्याचे कागद पाहायला गावोगाव फिरावे लागते.

मग हाताशी राहते काय? लायलचे १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटियर, अकोल्याचे १९१० चे, अमरावतीचे १९११ चे. छापील, संगणकावर सहज मिळणारी आणि शब्द टाकला की पान दाखवणारी. मराठीत यादव माधव काळे यांनी वऱ्हाडचा इतिहास लिहिला, तोही आमच्या आधाराचा ग्रंथ. पण माझ्या लेखांतले आधार मी मोजत बसलो, तेव्हा दिसले की दहा ठिकाणी गॅझेटियर असेल तर एका ठिकाणी मोडी कागद. साहेबाने महसुलासाठी जे टिपले, तेच मी इतिहास म्हणून पुन्हा पुन्हा उतरवत होतो. त्या साहेबाच्या पानांत अकोटची ती विधवा नाही. ती आहे चार मोडी ओळींत, कागदाच्या पाठीवर.

संगणकाने यात नवे काय केले? विंडोज ९५ पासून अलीकडच्या फाइलींची यादी स्टार्ट मेनूत होतीच. २०१५ च्या विंडोज १० पासून फाइल एक्सप्लोरर उघडताच ‘क्विक ॲक्सेस’ समोर येऊ लागले. वर नेहमी लागणारे फोल्डर, खाली नुकत्याच वापरलेल्या फाइली. विंडोज ११ मध्ये त्या जागी ‘होम’ आले. गूगल ड्राइव्हही फाइली सुचवतो. सोय उत्तम आहे. पण फाइल उघडली म्हणून वर येते, वर आहे म्हणून पुन्हा उघडली जाते. माझी सहाही गठ्ठे घालणारा कारकून आता मला दिसत नाही, आणि तो माझ्याच सवयीवरून कागद लावतो.

या कारकुनाला हुकूम देता येतो, हे मला फोननंतर कळले. एक्सप्लोररच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘जनरल’ या पानावर ‘प्रायव्हसी’ असा चौकोन आहे. तिथे अलीकडच्या फाइली दाखवण्याची आणि नेहमीचे फोल्डर दाखवण्याची खूण वेगवेगळी काढता येते. शेजारचे ‘क्लिअर’ दाबले तर यादी पुसली जाते, फाइली जागच्या जागी राहतात. आणि जो फोल्डर कायम समोर हवा, त्यावर उजवी कळ दाबून तो ‘पिन’ करता येतो. तो मग आपण काढेपर्यंत हलत नाही.

मी दोन्ही खुणा काढल्या. तीन फोल्डर पिन केले. पहिल्यात न वाचलेल्या मोडी कागदांची छायाचित्रे आहेत, प्रत्येक कागदाची पुढची आणि मागची बाजू एकाच क्रमांकाखाली. दुसऱ्यात पूर्ण झालेली लिप्यंतरे. तिसऱ्यात चुकांची वही, तिची पहिली नोंद अकोटची. गॅझेटियरे पिन केली नाहीत. लागली तर शोधून काढीन, तेवढे कष्ट होऊ द्यावेत. जुने लिप्यंतर मात्र पुसले नाही. नावापुढे ‘अपुरे’ असे लिहून ते वेगळे ठेवले. आपली चूक ‘ड’ वर्गात टाकायची नसते.

त्या बाईंना सुधारलेल्या लिप्यंतराची प्रत पाठवली आहे. छापील दुरुस्ती राहिली होती, ती इथे करतो: ते वावर पुतण्याचे नव्हते. पणजीचेच होते.