नळीवरचा सतराचा आकडा

वणी तालुक्यातील राजूर म्हटले की कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या डोळ्यांसमोर येतात. तेथील एका घरी भिंतीवर टांगलेली ठासणीची बंदूक पाहण्याचा योग आला. घरातील वडीलधारे गृहस्थ अभिमानाने म्हणाले, "फादर, आमचे पूर्वज आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेत होते. सीताबर्डीच्या लढाईत ही त्यांच्या हाती होती. सालसुद्धा कोरलेले आहे." दस्त्यातून नळी सोडवून त्यांनी खालचे अंग दाखविले. तेथे '१७' हा आकडा होता. सीताबर्डीची लढाई २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली, हे तर इतिहासच सांगतो.

नळी सोडविण्यापूर्वी आम्ही एक काळजी घेतली होती. जुन्या बंदुकीत कित्येकदा दारू ठासलेली तशीच राहते. म्हणून नळीत काठी तळापर्यंत सोडून तोंडाशी खूण केली आणि तीच काठी बाहेरून नळीला लावली. ती थेट मागील टोकापर्यंत पोहोचली, म्हणजे नळी रिकामी होती.

परंतु सतरा हे साल नव्हे. एक पौंड शिशाच्या सारख्या सतरा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत बसेल, ती सतरा मापाची नळी. तिचा व्यास सुमारे साडेसोळा मिलिमीटर भरतो. आकड्याशेजारी मुकुट, एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन राजदंड आणि बी. पी. सी. ही अक्षरे होती. हा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचा शिक्का. ते १८१३ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झाले. नेहमीपेक्षा अधिक दारू भरून नळी उडवून पाहायची आणि ती टिकली तरच शिक्का मारायचा, अशी तेथील रीत होती. हा शिक्का १९०४ पर्यंत वापरात होता.

काळाचा खरा निवाडा चापाने केला. या बंदुकीला चकमक नव्हती. तांब्याच्या लहान टोपीवर घोडा आपटून बार उडविण्याची ही रचना. तिचे मूळ अलेक्झांडर फॉर्साइथ या स्कॉटिश पाळकाच्या शोधात आहे. चकमकीची ठिणगी पाहून पक्षी उडून जात, म्हणून त्यांनी आघाताने पेटणाऱ्या दारूचा चाप शोधला व १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. तांब्याची टोपी मात्र १८२० नंतर रूढ झाली. चकमकीच्या कित्येक बंदुका पुढे टोपीच्या केल्या गेल्या, हे खरे; पण तशा बंदुकीच्या चापपट्टीवर जुनी भोके बुजविल्याच्या खुणा दिसतात. येथे तशी एकही खूण नव्हती. तेव्हा ही बंदूक सीताबर्डीला असणे शक्य नव्हते.

गृहस्थांचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटले. इतक्यात त्यांच्या सूनबाईंनी पेटीतून एक जीर्ण परवाना आणला. आजोबांच्या नावाचा तो परवाना पिकाच्या रक्षणासाठी दिलेला होता. १८७८ च्या शस्त्रकायद्यानंतर भारतीयांना परवान्यावाचून बंदूक बाळगता येईना. बहुतेक युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यानेही पीकरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख केला. चालू स्थितीतील अशा बंदुकीला आजही परवाना लागतो.

रानडुकरांपासून ज्वारी राखण्यासाठी थंडीत रात्री जागून काढणारे आजोबा त्या कागदातून घरात परत आले. पूर्वज फौजेत नव्हतेच, असे मी म्हटले नाही. तेवढे सांगण्याचा अधिकार बंदुकीला नाही. स्नानसंस्काराच्या नोंदवह्या चाळताना मला हाच अनुभव येतो. घरात सांगितलेली जन्मतारीख आणि नोंदीतील तारीख पुष्कळदा जुळत नाही, म्हणून सांगणारी आजी काही खोटी ठरत नाही.

वाचकहो, आपल्या घरी असे जुने शस्त्र असेल तर ते चकचकीत करण्यासाठी कानशीने घासू नका. गंजाबरोबर शिक्काही जातो आणि मग घराण्याच्या गोष्टीला साक्षीदार उरत नाही.