पोटोसीची चांदी : बखर आणि कागद

मोगल टांकसाळींत पाडलेले सतराव्या शतकांतील रुपये आपल्या संग्राहकांपाशीं पुष्कळ आढळतात. त्यांवरील सन व टांकसाळीचें नांव आपण काळजीपूर्वक वाचतों. परंतु ती चांदी कोठली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. हिंदुस्थानांत चांदीच्या खाणी नांवापुरत्याच. सुरतेस उतरणाऱ्या परदेशी चांदीच्या नाण्यांत स्पेनच्या रियालांचा भरणा मोठा असे, व तेथील टांकसाळींत ते वितळवून त्यांचे रुपये पाडीत. त्या रियालांच्या चांदीचा एक प्रमुख उगम म्हणजे सांप्रतच्या बोलिव्हिया देशांतील पोटोसी शहर होय.

हें शहर समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. त्याच्या माथ्यावरील सेरो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर, यांत इ. स. १५४५ त स्पॅनिश लोकांस चांदी सांपडली. १५७२ च्या सुमारास व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो यानें तेथें टांकसाळ घातली, पाऱ्याच्या योगानें चांदी वेगळी करण्याची रीत रूढ केली, आणि मजूर मिळावे म्हणून 'मिता' बसविली. मिता म्हणजे पाळी; शब्द व चाल इंका राजांच्या काळची, पण तिचें रूप आतां आपल्याकडील वेठीसारखें झालें.

प्रवाशास तेथें पाहण्याजोगें पुष्कळ आहे. १७५९ ते १७७३ या काळांत बांधलेली दुसरी टांकसाळ आज संग्रहालय असून चांदीचे पत्रे लाटण्याचीं, खेचरांकडून फिरविलीं जाणारीं लांकडी यंत्रें व जुनें दप्तर तेथें जतन केलेलें आहे. सान लोरेन्सो देवळाचें कोरीव दगडी द्वार प्रेक्षणीय आहे. डोंगरांत अद्यापि सहकारी संघांचे कामगार राबतात. वाटाड्याबरोबर आंत गेल्यास 'तिओ' नामक शिंगें असलेल्या पाताळस्वामीची मूर्ति दिसते. कामगार तीस कोकाचीं पानें वाहतात. खोदून पोखरलेलें शिखर खचत असल्यामुळें, १९८७ त जागतिक वारसा ठरलेलें हें स्थळ २०१४ त धोक्यांतील वारशांच्या यादींत गेलें.

नाणीं जमविणारानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १६४९ त येथील नाणीं हिणकस असल्याचें उघडकीस आलें. चौकशी होऊन फ्रान्सिस्को गोमेस दे ला रोचा या चांदीच्या व्यापाऱ्यास १६५० त देहान्त शासन झालें, व १६५२ पासून दोन खांब व समुद्राच्या लाटा असा नवा ठसा सुरू झाला. नाण्याच्या तोंडावरून त्याचा काळ व कस ओळखण्याची ही चांगली खूण आहे.

आतां मुख्य मुद्दा. बार्तोलोमे आर्सान्स दे ओर्सुआ इ वेला (मृत्यु १७३६) यानें या शहराचा प्रचंड इतिहास लिहिला. तो समग्र छापला गेला १९६५ त. त्यांत चमत्कार, द्वंद्वयुद्धें व खरे वृत्तान्त एकत्र गुंफलेले आहेत. आपल्या बखरी चाळलेल्या वाचकांस ही जात ओळखीची वाटेल. अशीच एक गोष्ट प्रवाशांस वारंवार सांगतात, कीं या डोंगरानें ८० लाख माणसें खाल्लीं. ती कागदाशीं ताडून पाहूं. तोलेदोच्या व्यवस्थेनें सोळा प्रांतांतून, प्रौढ पुरुषांचा सुमारें सातवा हिस्सा या प्रमाणानें, दरसाल सुमारें १३,५०० मितेकरी यावयाचे. १८१२ त काडिझच्या प्रतिनिधिसभेनें मिता रद्द केली. २४० वर्षें पूर्ण संख्या आली असें धरलें, तरी एकूण पाळ्या ३२ लाख ४० हजार होतात; आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस ती संख्या ४,००० च्या आसपास उतरली होती. मितेखेरीज रोजंदारीचे मजूरही होते हें खरें. तरीहि ८० लाख मृत्यूंस या हिशेबांत आधार नाहीं.

म्हणून अन्याय लहान ठरतो काय? मुळींच नाहीं. संख्या कां उतरली, याचें उत्तरच त्या कागदांत आहे: मितेच्या भयानें लोक गांवें सोडून पळाले, व मागें राहिलेल्यांवर ओझें वाढलें. पाऱ्याची वाफ, दरडी, शेंकडों कोसांची वाट व अपुरा रोज यांचे दाखले सरकारी कागदांतच आहेत. फुगविलेला आंकडा एखाद्यानें खोटा ठरविला, कीं त्याबरोबर खरें दुःखहि खोटें मानण्यास लोक तयार होतात. मृतांची ही दुसरी हानि होय. हिशेबानें सिद्ध झालेलें मात्र कोणास पुसतां येत नाहीं.

आपल्या संग्रहांतील कोणता रुपया पोटोसीच्या चांदीचा, हें सांगणें शक्य नाहीं; वितळतांना मूळ ठसा नष्ट झाला. तथापि सुरतेच्या रुपयाची टिपण लिहितांना टांकसाळीच्या नांवापाशींच न थांबतां, तिच्या पलीकडील डोंगराचा व तेथील पाळीकऱ्यांचा उल्लेख संग्राहकांनीं अवश्य करावा, अशी आमची सूचना आहे.