पन्हेरी आणि पाटी

काटोलकडची संत्र्याची बाग आधी पन्हेरीत जन्म घेते. जंभेरीचे बी टाकायचे, रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की त्याच्या सालीत निवडक झाडाचा डोळा बसवून बांधायचा, डोळा फुटला की वरचा जंभेरीचा शेंडा छाटायचा. कलम शेतात लावताना डोळा जमिनीपासून बऱ्यापैकी वर राहील हे पाहायचे, नाहीतर ओल धरून बुंधा डिंक्याने जातो. झाड मोठे झाले की पाणी तोडून त्याला ताण द्यायचा. हा ताण कोणत्या महिन्यात, हे मृग बहार धरायचा की अंबिया यावर ठरते. किती दिवस, हे जमीन भारी आहे की हलकी यावर. यात वनस्पतिशास्त्र आहे, मातीची आणि हवामानाची पारख आहे, त्रैराशिक आहे, पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत फळ न देणाऱ्या पिकात पैसा गुंतवून बसण्याचा हिशेब आहे. तरीही काटोलच्या परिसरात शाळा आल्यापासून हे ज्ञान शाळेच्या कुंपणाबाहेर राहिले. आश्चर्य असे, की शाळा आणि शेत यांतले कुंपण काढण्याचा देशातला सर्वांत मोठा प्रयत्न काटोल तालुक्याची शीव जिथे लागते त्या वर्धा जिल्ह्यात झाला. तो का फसला, याचे सोपे उत्तर आपल्याकडे तयार असते: लोकांना पांढरपेशा नोकरीची हाव होती, हाताने काम करण्याची लाज होती. या उत्तरात लोकांवर अन्याय आहे, असे माझे मत आहे. पालकांनी नव्या शिक्षणाकडे पाठ फिरवली ती त्यातली मेख त्यांना कळली म्हणून.

सुरुवातीपासून पाहावे लागेल. 1854 मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांत बनला आणि त्याच्या पाठोपाठ सरकारी शिक्षणखाते आले. काटोल तहसिलीचे ठिकाण होते. 1901 च्या जनगणनेत वस्ती जेमतेम सात हजारांच्या वर. पण कापसाची मोठी बाजारपेठ, त्यामुळे जिनिंगचे कारखाने आलेले. अशा गावात सरकारला पटवारी हवे होते, कारकून हवे होते, मास्तर हवे होते. व्यापाऱ्याला हिशेब ठेवणारा मुनीम हवा होता. शाळा या गरजेतून उभी राहिली आणि तिने ती गरज चोख भागवली. शाळेचा अर्थ शेतातून बाहेर पडण्याची शिडी, हे लोकांनी कल्पनेने ठरवले नव्हते. शिडी खरोखरच तशी बांधलेली होती: अमुक इयत्ता पास झाला की अमुक नोकरी. लगान, सावकार आणि कापसाचा पडता-चढता भाव यांत सापडलेल्या कुटुंबाला एक मुलगा तरी त्या शिडीवर चढावा असे वाटले, तर त्यात हाव कसली?

या शिडीवर पहिली मोठी टीका महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी केली. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत वाचन, मोडी आणि बाळबोध लेखन, हिशेब यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे मागितले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्यांना लाज वाटू नये, असाही त्यांचा आग्रह होता. फुल्यांच्या मागणीचा दुसरा भाग मात्र अनेकदा विसरला जातो. शेतकऱ्याच्या करातून जमणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळला जातो, ही त्यांची मूळ तक्रार होती. त्यांच्या लेखी नांगर आणि पुस्तक एकत्र आणण्याचा प्रश्न पैशाच्या आणि सत्तेच्या वाटणीपासून वेगळा नव्हता. पुढच्या सुधारकांनी नांगर उचलला आणि वाटणीचा प्रश्न बाजूला ठेवला. इंग्रजी अमलात मध्य प्रांताच्या खात्याने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी अर्ध्या दिवसाच्या शाळांचा प्रयोग केला, तोही याच धर्तीचा. अर्धा दिवस शाळा आणि उरलेला अर्धा शेतात, हे वेळापत्रक सोयीचे खरे. पण शहरातल्या वकिलाच्या मुलासाठी ते कोणी सुचवले नाही.

आता वर्धा. 1937 च्या 22 आणि 23 ऑक्टोबरला तिथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. परिषदेने झाकिर हुसेन यांची समिती नेमली. तिच्यात विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, के. टी. शाह अशी माणसे होती. डिसेंबरात अहवाल आला आणि 1938 च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने योजना स्वीकारली. सात ते चौदा वयाच्या सर्व मुलांना मातृभाषेतून, सक्तीचे, मोफत शिक्षण, आणि ते एखाद्या मूलोद्योगाभोवती गुंफलेले. रोजच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे उद्योगाला. मातृभाषेला चाळीस मिनिटे, संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस, समाजशास्त्र आणि विज्ञानाला तीस. आकडे पाहून दचकायला होते, पण कल्पना उथळ नव्हती. गणित, भूगोल, इतिहास हे उद्योगातूनच उलगडावेत, यालाच पुढे ‘समवाय’ म्हटले गेले. कापूस कुठून आला, सूत कसे मोजायचे, मँचेस्टरचे कापड इथे का आले, अशा प्रश्नांतून मूल जगाकडे जाईल, असा तो विचार होता. उद्योगाचा हेतू कारागीर तयार करण्याचा नाही, शिकवण्यासाठी उद्योगाचा उपयोग करून घेण्याचा आहे, असे समितीने स्पष्ट बजावले. आर्थिक बाजूवर भर पडून शैक्षणिक हेतू मारला जाण्याचा धोकाही तिने लिहून ठेवला.

धोका लिहून ठेवावा लागला, कारण तो योजनेच्या पोटातच होता. मुलांनी केलेल्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा, हे गांधीजींचे स्वावलंबनाचे तत्त्व. त्यामागे त्यांचा रोकडा हिशेब होता: काँग्रेस सरकारांनी दारूबंदी केली तर उत्पन्न बुडणार, मग सगळ्या मुलांच्या शाळेला पैसा कुठून येणार? के. टी. शाह यांनी परिषदेतच हरकत घेतली, की मुलांचा माल बाजारात आला तर तो प्रौढ कारागिरांच्या पोटावर येईल आणि शाळेचा कारखाना होईल. हरकत रास्त होती आणि तिचे समाधानकारक उत्तर कधी मिळाले नाही. काटोलसारख्या कापूसपट्ट्यात तर आणखी एक विसंगती दिसते. इथे टकळी मूलोद्योग म्हणून यायची होती. पण कापूस इथे आता घरात कातण्याची वस्तू उरला नव्हता. तो वेचायचा, गाडीत भरायचा, बाजारात न्यायचा, जिनात जायचा. नागपुरात 1877 पासून एम्प्रेस मिल उभी होती. मुलाला कापसाची ओळख करून द्यायची गरजच नव्हती, वेचणीच्या दिवसांत तो शाळा बुडवून तेच करत होता. त्याला कळायला हवे होते ते भाव, वजन, आडत आणि व्याज यांचे गणित. टकळीने ते शिकवता आले असते, पण बाजारात उभे राहून ते अधिक नीट कळले असते.

त्याच वेळी नागपूरच्या प्रांतिक सरकारात शिक्षणमंत्री असलेल्या रविशंकर शुक्लांनी विद्यामंदिर योजना पुढे आणली: गावाने जमीन दान द्यावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी. वर्ध्याला तिच्या शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. नावातल्या ‘मंदिर’ शब्दावरून मुस्लिम लीगने आंदोलन उभे केले आणि चर्चा सगळी त्या शब्दाभोवती फिरली. जमिनीचा प्रश्न त्यात झाकला गेला. ज्या गावात चांगली जमीन मोजक्या घरांकडे आहे तिथे शाळेला कोणती जमीन मिळणार, आणि जिराईत तुकड्याने मास्तराचे घर कसे चालणार? 1939 च्या नोव्हेंबरात काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि योजनेतला जोर ओसरला.

सर्वांत कठीण आक्षेप आर्थिक नव्हता, जातीचा होता. नागपूरजवळच्या मोहप्याला 1879 मध्ये जन्मलेल्या किसन फागुजी बनसोडे यांनी नागपुरात छापखाना आणि वृत्तपत्रे चालवली, अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी आयुष्य घातले. नागपूर-कामठीच्या रस्त्यावर ओझी वाहणाऱ्या जाईबाई चौधरी मिशनच्या मदतीने शिकल्या, शिक्षिका झाल्या, सवर्णांच्या विरोधाने ती नोकरी गेली, आणि त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. या लोकांनी शाळेत काय शोधले? अक्षर, इंग्रजी, परीक्षा, पद. हाताचे काम त्यांच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या सक्तीने आलेलेच होते. ते शिकवायला शाळा कशाला? आंबेडकरांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले. सगळा रोख उच्च शिक्षणावर. अमेरिकेतला वाद याहून वेगळा नाही. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी टस्कीगीला काळ्या मुलांना धंदेशिक्षण दिले, तर डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी 1903 मध्ये विचारले की नागरिकत्व आणि उच्च विद्या सोडून मिळालेले कसब माणसाला कुठवर नेणार. मद्रासेत मुख्यमंत्री राजाजींनी 1953 मध्ये मुलांनी अर्धा दिवस शाळेत आणि उरलेला वेळ बापाच्या धंद्यात घालवावा अशी योजना आणली, तेव्हा तिला कुलधंद्याचे शिक्षण म्हणून असा विरोध झाला की वर्षभरात राजाजी पायउतार झाले आणि योजना रद्द झाली.

वर्ध्याच्या या योजनेच्या, म्हणजे नई तालीमच्या, बाजूने यावर उत्तर दिले जाते, आणि ते मी हलके मानत नाही. वर्ध्याच्या योजनेत बापाचा धंदा मुलाला चिकटवलेला नव्हता. ब्राह्मणाच्या आणि महाराच्या मुलाने एकाच टकळीवर बसायचे होते, आणि वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या शाळेत सगळ्यांनी झाडू धरला. जातीची उतरंड मोडण्याचा तो प्रामाणिक मार्ग होता. मान्य. पण शाळा सेवाग्रामपुरती राहणार नव्हती. मूलोद्योग शाळा खेड्यात निघाल्या, शहरात इंग्रजी हायस्कुले जशीच्या तशी राहिली, कॉलेजचा प्रवेश आणि सरकारी नोकरी हायस्कूलच्याच परीक्षेवर मिळत राहिली. दोन रांगा झाल्या. एका रांगेत सूत, दुसरीत साहेबी. खालच्या रांगेत उभे राहायला नकार देणे हा श्रमाचा तिरस्कार नव्हे. कलेक्टरच्या मुलाने टकळी धरली असती तर काटोलच्या शेतकऱ्याने हरकत घेतली नसती, असे मला वाटते. तशी वेळच कोणी येऊ दिली नाही.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांनी स्वतः कोणते शिक्षण निवडले ते पंजाबराव देशमुखांच्या कामात दिसते. ते मध्य प्रांत-वऱ्हाडाचे शिक्षणमंत्री होते, 1930 च्या दशकाच्या आरंभी अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली, आणि पुढे केंद्रात ते दहा वर्षे कृषिमंत्री होते. त्यांनी बहुजनांच्या मुलांसाठी हायस्कुले, वसतिगृहे, महाविद्यालये मागितली, आणि त्याच जोडीला शेतीचे शास्त्रही मागितले. शेती शिकायची तर ती पदवीच्या पातळीवर, प्रयोगशाळेसह, असा तो आग्रह होता. 1969 मध्ये अकोल्याला त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ झाले आणि काटोलला त्या विद्यापीठाचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे. म्हणजे संत्र्याचे ज्ञान अखेर संस्थेत आले, पण प्रौढांच्या दाराने. पाणी बुंध्याला लागू नये म्हणून दुहेरी आळे, बुंध्याला बोर्डो मलम, खुंटाची निवड, हे सगळे बागायतदारापर्यंत पोचते. त्याच्या सातवीतल्या मुलापर्यंत मात्र शाळेतून पोचत नाही.

शाळेत जे उरले ते कार्यानुभव. 1964–66 च्या कोठारी आयोगाने नई तालीमचा गाभा घेऊन ‘कार्यानुभव’ सुचवला, आणि महाराष्ट्रात दोन पिढ्यांनी तो तास पाहिला आहे: पुठ्ठे, घोटीव कागद, लोकरीचे गोंडे, आणि बोर्डाच्या परीक्षेजवळ तोच तास इंग्रजी-गणिताला दिलेला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सांगितले आहेत, स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकण्यासाठी. काटोलात हे दिवस पन्हेरीत काढता येतील. विषयांची कमतरता नाही. एक अडचण आधीच दिसते. बागेला विहीर लागते, जमीन लागते, फळ येईपर्यंतची कळ सोसायची ऐपत लागते. वर्गातल्या ज्या मुलाच्या घरी बाग आहे तो डोळा बांधायला शिकला तर मालकाची जाण घेऊन बाहेर पडेल. ज्याची आई त्याच बागेत मजुरीला जाते तो तेच शिकून चांगला मजूर होईल, जर त्याच वर्षी त्याला बीजगणित आणि इंग्रजीही तितकेच नीट मिळाले नाही तर. दहा दिवसांनंतरच्या उरलेल्या दोनशे दिवसांत त्या दुसऱ्या मुलाला कोण शिकवते, त्याच्या शाळेत गणिताचा शिक्षक नेमलेला आहे की जागा रिकामी आहे, हे आधी पाहावे लागेल. दप्तर घरी ठेवायचे की नाही हे नंतर.